न भिजलेल्या बोटीची किंमत

वापरलेल्या वस्तूची किंमत ठरवणे हे गंभीर शास्त्र आहे आणि ते बहुधा घराच्या ओट्यावर बसून चालवले जाते. मोटारसायकल असेल तर गिऱ्हाईक आधी टायरला लाथ मारते, मग आरसा हलवून पाहते आणि शेवटी "बोला, काय म्हणणं?" असे विचारते. ट्रॅक्टरचे तास पाहतात, म्हशीचे दात पाहतात. बोटीचे नेमके काय पाहावे याबद्दल मात्र रावेर तालुक्यात कोणतेही लेखी मार्गदर्शन उपलब्ध नव्हते. ही उणीव कौतिकनानांनी एकट्याने भरून काढली. त्यांच्या या कार्याची दखल कोणत्याही शासकीय वा निमशासकीय यंत्रणेने घेतलेली नाही, म्हणून ती येथे घेण्यात येत आहे.

कौतिकनाना म्हणजे सतरा हजार खोडांचे आसामी. (केळीच्या मुलखात माणसाची शेती एकरांत सांगत नाहीत, खोडांत सांगतात. एकर काय, कोणाकडेही असतात.) वय एकसष्ट, प्रकृती ठणठणीत, स्वभाव विचारी. एकदा विचार सुरू झाला की तो शेवटापर्यंत नेल्याशिवाय ते जागचे उठत नसत, आणि शेवट कुठे आला हे त्यांना सहसा कळत नसे.

त्यांना पियुष नावाचा एक मुलगा. बीएस्सी ॲग्री, निर्व्यसनी, स्वतः शेती बघणारा. यातला शेवटचा मुद्दा हाच त्याचा दोष होता. "मुलगा शेती करतो" एवढे ऐकले की पलीकडचा माणूस अचानक गाडी चालवत असे आणि नंतर बोलतो म्हणून फोन ठेवत असे. नानांनी या प्रश्नाचा मुळापासून अभ्यास केला. त्यांना असे आढळले की गल्लीतल्या ज्या एका शेतकरी मुलाचे लग्न जमले, त्याच्या दारात मोठी काळी गाडी उभी होती. हा शोध नानांच्या आधी आणखी सहा जणांना लागला होता, त्यामुळे लवकरच गल्लीत सात काळ्या गाड्या आणि सहा बिनलग्नाची पोरे अशी परिस्थिती निर्माण झाली. आता आठवी गाडी घेऊन उपयोग नव्हता.

योगायोगाने त्या वर्षी केळीला चांगला भाव होता आणि मुंबईचे एक व्यापारी आपली परफॉर्मन्स बोट काढून टाकत होते. परफॉर्मन्स बोट म्हणजे मासे धरायची नव्हे, माणसे वाहायची नव्हे, तर नुसती जोरात जायची बोट. लांबी चोवीस फूट, रंग लाल-पांढरा, मागे तीनशे अश्वशक्तीचे इंजिन, वेग ताशी शंभर किलोमीटर. नानांनी ती सव्वीस लाखांना घेतली. ट्रेलरवरून येताना चाळीसगावात तिने पाऊण तास रहदारी अडवली, त्याचे व्हिडिओ अजून फिरतात. पियुषच्या बायोडाट्यात रक्तगट आणि कुलदैवत यांच्यामध्ये एक नवी ओळ आली: "बोट: स्वतःची."

तापी तालुक्यातूनच वाहते. पण बोट पाण्यात घालावी असे नानांच्या मनाला कधी शिवले नाही. एवढी किमती वस्तू भिजवायची कशाला?

बोटीचा परिणाम तात्काळ दिसला. चार वर्षांत एक्केचाळीस स्थळे येऊन गेली. त्यांचा तपशील नानांकडे आहे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस कुटुंबे बोटीत बसली. छत्तीस जणांनी स्टेअरिंग धरून फोटो काढले. एकोणतीस जणांच्या आग्रहाखातर इंजिन सुरू करून दाखवण्यात आले. बोट लिटरला किती देते हे तेवीस जणांनी विचारले, मुलाचे शिक्षण नऊ जणांनी, आणि मुलाचे नाव दोघांनी. (त्यातल्या एकाने निघताना विचारले, कारण फोटो कोणाच्या नंबरवर मागवायचे ते त्याला कळत नव्हते.)

इथे एक तांत्रिक बाब नमूद करणे भाग आहे. बोटीच्या इंजिनाला गार राहण्यासाठी सतत पाणी लागते. नदीत ते आपोआप मिळते, अंगणात मिळत नाही. त्यासाठी ठिबकच्या टाकीवरून एक नळी आणून ती इंजिनाला धरून ठेवावी लागे. हे काम पियुषकडे होते. त्यामुळे स्वतःच्या बघण्याच्या कार्यक्रमात नवरा मुलगा बोटीच्या मागे, चिखलात, नळी धरून वाकलेला असे. पाहुण्यांपैकी काहींनी त्याला गडी समजून चहाचे रिकामे कप दिल्याची नोंद आहे.

बेचाळिसावे स्थळ धुळ्याचे. मुलगी दिपमाला, तिथल्याच एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला. बरोबर वडील सुकदेवआबा, निवृत्त मास्तर. नानांनी रीतीप्रमाणे पाहुण्यांना आधी बोटीकडे नेले. दिपमालाने बोटीला एक चक्कर मारली, मागे नळी घेऊन तयारीत उभ्या असलेल्या पियुषकडे पाहिले आणि म्हणाली, "ती ठेवा खाली. तुमची बाग दाखवा."

असे यापूर्वी कोणी म्हटलेले नव्हते, त्यामुळे नळी कुठे ठेवायची हेही पियुषला सुचेना. दोघे बागेत गेले. पियुषने तिला घड कापणीला आला हे कसे ओळखायचे ते दाखवले. केळ्याच्या कडा बुजून ते बोटांना गोल लागले, की कापायचे. ती म्हणाली, आणखी चार दिवस ठेवला तर? तो म्हणाला, तर तो आपल्याला विचारत नाही, पिकून मोकळा होतो. दीड तासाने दोघे परत आले तेव्हा पियुष हसत होता. धुरपदाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, पोह्यांची ताटली हातात धरून हे पाहिले आणि त्या ताटलीसकट पुन्हा आत गेल्या. डोळ्याला पदर लावायचा तर एक हात मोकळा लागतो.

"मला पसंत आहे," दिपमाला सगळ्यांसमोर म्हणाली. "एकच सांगायचंय नाना. बोट विका. आखाजीच्या आत."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तिला अडीच महिने होते.

"बोट काय करते तुमचं?" नानांनी विचारले.

"माझं काही करत नाही. पण यांना चार वर्षांत कोणी नावानं हाक मारलेली नाही. उद्या मी आले की मलाही बोटवाल्यांची सून म्हणतील. मला यांची बायको व्हायचंय."

सुकदेवआबांनी धोतर सावरले आणि विषय संपवला. "नाना, बठ्ठं झकास शे. पन आमले बोट करनी नही, जवाई करना शे."

नाना तिथल्या तिथे हो म्हणाले. ते खोटे बोलले नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पोरावर त्यांचा जीव होता. बोटही त्यांनी त्याच्यासाठीच घेतली होती, आणि ती त्याच्यासाठीच विकायला ते मनापासून तयार होते. प्रश्न फक्त योग्य किमतीचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अतिकला बोलावले. अतिक हा ट्रॅक्टरचे मूल्यांकन करणारा, रावेरात त्याच्या शब्दावर कर्ज मंजूर होते. तो आपला छापील फॉर्म घेऊन आला आणि बोटीभोवती हिंडून त्याने तो प्रामाणिकपणे भरला. मागील टायर: नाहीत. रोटाव्हेटर जोडणी: नाही. हायड्रॉलिक: लागू नाही. इंजिन चाललेले तास: अडतीस. पैकी पाण्यात: शून्य. पैकी पाहुण्यांसमोर: एकतीस. पैकी पोळ्याला, बैलांच्या पाठोपाठ पूजा करून: दोन. उर्वरित पाच तासांचा खुलासा नानांनी केला नाही. (ते अधूनमधून दुपारी एकटेच सुरू करून ऐकत असत.)

"साडेनऊ," अतिक म्हणाला.

"सव्वीसातून साडेनऊ हजार कमी?"

"साडेनऊ लाख, नाना. सगळं धरून."

"अरे अतिकभाई, हिले पानी लागलेलं नही! कोरी वस्तू हाये!"

"वस्तू कोरीच हाये. पन घेनारा कोन? अख्ख्या जिल्ह्यात बोट घेनारी दोन मान्सं निघतीन. त्यातले एक तुम्ही."

नानांना हे म्हणणे अशास्त्रीय वाटले. गिऱ्हाइकांच्या संख्येवर किंमत ठरवायची तर मग शास्त्राची गरजच काय? त्यांनी अतिकला चहा पाजून वाटेला लावले आणि स्वतः वही घेऊन ओट्यावर बसले. त्या बैठकीत जी पद्धत तयार झाली ती अशी.

खरेदीची किंमत सव्वीस लाख, हा पाया. त्यातून झीज वजा करायची, पण बोटीची झीज पाण्याने होते आणि पाणी लागलेले नाही, सबब वजावट शून्य. सव्वीस लाख बँकेत ठेवले असते तर चार वर्षांचे व्याज आले असते, ते मिळवणे. बोटीसाठी बांधलेली शेड, पत्र्यासह. ताडपत्र्या तीन. एक्केचाळीस कुटुंबे, प्रत्येकी सरासरी सात माणसे, चहा-पोहे. जी जेवायला थांबली त्यांची भरीत-भाकरी वेगळी. हा सर्व देखभालीचा खर्च. लिंबू-मिरची, दर शनिवारी. डॉलर तेव्हापासून वाढला आहे, त्याबद्दल काहीतरी. आणि उन्हाळ्यात धुरपदाबाई बोटीच्या पुढच्या सपाट भागावर उडदाचे पापड वाळत घालत, त्यामुळे बोट बहुउद्देशीय ठरते, त्याचे दीड लाख.

"मले काही घेनं-देनं नही तुमच्या बोटीचं," धुरपदाबाई आतून म्हणाल्या, "पापड मातर झ्याक वायतात."

नानांनी हे मत तज्ज्ञांचा अभिप्राय म्हणून वहीत घेतले. बेरीज आली अडतीस लाख चाळीस हजार. वरचे चाळीस हजार त्यांनी माणुसकी म्हणून सोडून दिले.

यानंतर पंधरा दिवसांत चाळीसगावहून नीलेश नावाचा तरुण आला. त्याचे लग्नाचे लॉन होते. नवरा-नवरीची एंट्री बोटीतून करावी, अशी त्याची कल्पना होती. त्याने बोट पाहिली, दोन फोटो काढले आणि बारा लाख म्हणाला. नाना हसले. पुढच्या आठवड्यात तो फोनवर पंधरा म्हणाला, मग अठरा.

इथे केळी उत्पादकाचा एक मूलभूत नियम समजून घेतला पाहिजे. रोज सकाळी भाव जाहीर होतो, आणि भाव चढता असेल तर शहाणा माणूस घड कापत नाही. आज कापला की उद्याचा भाव आपल्याला चिडवतो. या नियमाने तालुक्यात कैक बागा झाडावरच पिवळ्या झाल्या आहेत, पण नियम अजून कोणी बदललेला नाही. नानांनी तो बोटीला लावून पाहिला आणि त्यांना एक मोठा शोध लागला. केळीत एकच अडचण असते, ती म्हणजे ती पिकते. बोट पिकत नाही. म्हणजे भाव चढता असताना थांबण्यासाठी बोटीइतके उत्तम पीक पृथ्वीवर दुसरे नाही!

त्यांनी हा शोध जेवताना घरच्यांना सांगितला.

"बोट नही पिकत," धुरपदाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "पोरगं पिकून राह्यलं ना अठी. कानापाशी पांढरं झालं त्याचं, पाह्यलं का तुम्ही?"

नानांनी पाहिले. खरेच झाले होते. त्यांनी त्याच क्षणी ठरवले की आता नीलेश जे म्हणेल त्या भावात देऊन टाकायची. इतका मोठा निर्णय घेतल्यामुळे त्यांना रात्री शांत झोप लागली.

दुर्दैवाने नीलेश सकाळी सव्वीस म्हणाला. त्याच्याकडे वैशाखातली एक मोठी तारीख नोंदलेली होती आणि त्या पार्टीला बोट हवीच होती. सव्वीस म्हणजे खरेदीची किंमत, जशीच्या तशी. पियुष शेजारीच उभा होता. तो आयुष्यात पहिल्यांदा मध्ये बोलला. "नाना, द्या."

नानांचे तोंड उघडले होते, आणि 'दिली' हा शब्द दातांपर्यंत आलाही होता. पण ते विचारी गृहस्थ. त्यांच्या मनात आले, जी वस्तू चार वर्षांनी खरेदीच्या भावात जाते, ती पाचव्या वर्षी कुठे जाईल? आणि हा गडी बारावरून सव्वीसवर दीड महिन्यात आला. त्या अर्थी त्याला काहीतरी माहीत आहे, जे आपल्याला माहीत नाही. समोरचा आपणहून भाव चढवतो म्हणजे भाव अजून कमीच आहे, एवढे तर शेंबडे पोरही सांगेल.

"आठ दिवस द्या," नाना म्हणाले. "कळवतो."

आखाजी सहाव्या दिवशी होती. हे पियुषने त्यांच्या लक्षात आणून दिले. नाना म्हणाले, "अरे, आखाजी दरवर्षी येते."

सहाव्या दिवशी दिपमालाचा फोन आला, नानांच्याच नंबरवर.

"नाना, गेली का बोट?"

"बेटा, भाव चढून राह्यला. सव्वीस झाला! अजून जरा..."

फोनवर मागे आखाजीच्या झोक्यावरची गाणी ऐकू येत होती.

"सव्वीस चांगले आहेत नाना," ती म्हणाली. "पण आम्ही आज पारोळ्याच्या मुलाला होकार कळवलाय. यांना मी सकाळीच सांगितलं. तुम्ही त्यांच्याकडे जरा बघा."

नानांनी तडक नीलेशला फोन लावला, देऊन टाकली म्हणून सांगायला. नीलेश अत्यंत नम्रपणे बोलला. "नाना, तुम्ही आठ दिवस म्हणाले तेव्हाच मला शंका आली. मी सुताराकडून लाकडी करून घेतली. पंच्याऐंशी हजारांत झाली. लाल-पांढरीच. फोटोत तशीच दिसते."

अशा प्रकारे खानदेशातील परफॉर्मन्स बोटींची बाजारपेठ एका दिवसात कोसळली. अडतीस लाखांच्या वस्तूची किंमत सुतारकामाच्या मजुरीवर आली. नानांनी वही काढली, पण कोणत्या रकान्यात काय लिहायचे ते त्यांना सुचेना.

शेवटी अतिकनेच गिऱ्हाईक आणले. धुळ्याकडच्या एका तळ्याचा ठेकेदार, सात लाख रोख. नाना एका शब्दाने भांडले नाहीत. (बोट आता पाण्यात आहे. ती खरोखर ताशी शंभरने धावते. तळे तीनशे मीटर लांब असल्यामुळे सफर अकरा सेकंदांत संपते, तरीही तिकीट पूर्ण घेतात.)

ट्रेलर वळून रस्त्याला लागला तेव्हा नाना ओट्यावर होते. चार वर्षे त्या ओट्यावरून बोटीखेरीज काही दिसत नसे. आज थेट बागेपर्यंत दिसत होते आणि बागेतून पियुष येत होता, एकटा, खांद्यावर विळा टाकून, सावकाश. हा कधी इतका वाळला, हा कधी असा खाली मान घालून चालायला लागला, हे नानांना ठाऊकच नव्हते. त्यांना रडू आले. ते त्यांनी लपवले नाही.

"माह्यं चुकलं रे," ते म्हणाले.

"असू द्या नाना," पियुष म्हणाला. "उद्या गाडी भरायची आहे. दोनशे घड आहेत."

या घटनेला आता आठ महिने होत आहेत. बोट गेल्यापासून घरी एकही स्थळ आलेले नाही.

तुम्ही मघापासून हसत आहात, त्या अर्थी नानांची चूक तुमच्या नीट लक्षात आलेली आहे. माणूस बाजूला ठेवून भलत्याच वस्तूचा भाव करत बसले, असे तुमचे म्हणणे. ते अगदी बरोबर आहे, आणि अशा जाणकार वाचकांच्याच शोधात आम्ही होतो. तुमच्या घरात नाही तर नात्यात लग्नाची मुलगी असेलच. तेव्हा तपशील देत आहोत. मुलगा पियुष, वय चौतीस, बीएस्सी ॲग्री. सतरा हजार खोडं, दोन विहिरी, डोक्यावर कर्ज नाही, तोंडात पुडी नाही. आई-वडील निरोगी, वडील सुधारलेले. मुलगा कमी बोलतो, पण बाग दाखवा म्हटले तर दीड तास बोलतो आणि हसतोही. राहणे रावेर तालुक्यात, कायमचे. दारात बोट नाही.

काय म्हणालात? पुण्यात एखादा फ्लॅट?

नाही, तसे काही नाही.

बरं, बरं. घरी विचारून सांगा. घाई नाही.